एकाच स्विचमध्ये ब्रिजिंग आणि राउटिंग: कोणत्या व्हीलॅनचा गेटवे कुठे ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १८० च्या आसपास उपकरणं आहेत आणि सगळी १९२.१६८.१ च्या एकाच रेंजमध्ये. ऑफिसचे पीसी, कॅमेरे, हजेरीची मशिनं, पीएलसी (मशिनं चालवणारे कंट्रोलर), पाहुण्यांचं वायफाय, सगळं एका पंगतीत. नेटवर्क अधूनमधून गुदमरतं. पुरवठादार म्हणतो, लेअर-थ्री स्विच (राउटिंगही करणारा) घ्या आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगवेगळी नेटवर्क) पाडा. विचारणाऱ्यांना कळत नाही ते हे: ‘स्विच ब्रिजिंग करतो, राउटर राउटिंग करतो असं शिकलो. मग एका डब्यात दोन्ही कसं चालतं? काही मशिनं एकाच रेंजमध्ये नसली तर एकमेकांना दिसतच नाहीत, त्यांचं काय? आणि सांगलीतल्या ऑफिसलाही तीच रेंज ओढून न्यायची का?’

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात वीस-बावीस वर्षं मी हीच कामं करतोय. पुरवठादार चुकीचं सांगत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. स्विच विकत घेणं सोपं आहे. कोणती व्हीलॅन कुठे राउट होणार हे आधी कागदावर ठरवलं नाही, तर आज एकच दुखणं आहे, उद्या चार होतील.

आधी मुळाशी जाऊ. लेअर-थ्री स्विचच्या पोटात काही फार गूढ नसतं. आत आलेल्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पाकिटाला, तो एकच प्रश्न विचारतो: हिच्यावर लिहिलेला पोहोचायचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) माझा स्वतःचा आहे का? नसेल, तर ब्रिज करायचं. म्हणजे त्याच व्हीलॅनच्या मॅक टेबलात बघून योग्य पोर्टवर सोडायचं, टेबलात सापडला नाही तर त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर. मॅक माझा असेल, तर फ्रेम उघडायची, आतला आयपी पत्ता वाचायचा आणि राउट करायचं, म्हणजे त्या पत्त्याच्या रेंजकडे पाठवायचं. एवढाच फाटा. ‘ब्रिजिंग की राउटिंग’ हे स्विच स्वतःच्या मनाने ठरवत नाही. पाठवणाऱ्या मशिनने पाकिटावर कोणाचा मॅक लिहिला, त्यावर ते ठरतं.

आणि मशिन तो मॅक कसा निवडतं? स्वतःच्या मास्कवरून, म्हणजे आपली रेंज कुठवर आहे हे सांगणाऱ्या आकड्यावरून. समोरचा पत्ता माझ्या रेंजमधला दिसला, तर थेट त्याच्या नावाने आर्पची हाक मारायची, म्हणजे ‘या आयपीचा मॅक कोणता?’ असं विचारायचं. रेंजबाहेरचा दिसला, तर गेटवेच्या, म्हणजे रेंजबाहेर नेणाऱ्या दाराच्या, नावाने. म्हणून मास्क चुकला की सगळं गणित कोलमडतं. एखाद्या पीसीला २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० पडला, तर शेजारच्या रेंजमधलं मशिनही त्याला आपल्याच घरातलं वाटतं. मग तो गेटवेला विचारतच नाही, नुसत्या हाका मारत बसतो.

एक पॅकेट हातात धरून चालवून बघू. अकाउंट्सचा पीसी व्हीलॅन १० मध्ये, पत्ता १०.१०.१०.२५. शॉप फ्लोअरवरचं मशिन व्हीलॅन ३० मध्ये, १०.१०.३०.४०. दोन्हीकडे गेटवे म्हणून स्विचचेच पत्ते, शेवटी .१ असलेले. पीसीने बघितलं, समोरचा परक्या रेंजचा आहे. त्याने १०.१०.१०.१ साठी आर्प टाकला, स्विचने स्वतःचा मॅक दिला. पीसीने फ्रेम बांधली: पाकिटावर मॅक स्विचचा, आत आयपी मशिनचा. स्विचने ओळखलं, हे माझ्याच नावाचं आहे. राउटिंग टेबलात १०.१०.३० ची रेंज थेट व्हीलॅन ३० ला जोडलेली सापडली. आर्प टेबलातून मशिनचा मॅक मिळाला. मग पाकीट बदललं: पाठवणारा म्हणून स्विचचा मॅक, घेणारा म्हणून मशिनचा. टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) १२८ होता तो १२७ झाला, आयपी हेडरची चेकसम (चूक तपासायची बेरीज) नव्याने मांडली. आणि आता शेवटचं पाऊल, जे बहुतेक जण विसरतात: ही नवी फ्रेम पुन्हा ब्रिजच होते. व्हीलॅन ३० च्या मॅक टेबलात बघितलं जातं की हा मॅक कोणत्या पोर्टवर आहे, आणि त्या पोर्टवर ती जाते. म्हणजे राउटिंगच्या अलीकडे ब्रिजिंग आणि पलीकडेही ब्रिजिंगच.

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. पंढरपूरकडून बारक्या गाडीने यायचं आणि पुण्याला जायचं, तर मिरजेत उतरून मोठ्या गाडीत बसायला लागायचं. प्रवासी तोच, हातातली पिशवी तीच, डबा मात्र बदलला. पॅकेट म्हणजे तो प्रवासी आणि फ्रेम म्हणजे डबा. एकाच गेजवर आहात तोवर डबा बदलत नाही, ते ब्रिजिंग. लेअर-थ्री स्विच म्हणजे तिन्ही गेजचे फलाट एकाच आवारात असलेलं मिरज.

स्विचचा हा जो .१ वाला पत्ता, त्याला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, आणि गोंधळ बराचसा तिथेच होतो. सिस्कोच्या स्विचवर ‘इंटरफेस व्हीलॅन’, ज्युनिपरवर ‘आयआरबी’, जुन्या सिस्को राउटरवर ‘बीव्हीआय’, मायक्रोटिकवर ब्रिजच्या डोक्यावर बसवलेला व्हीलॅन इंटरफेस, लिनक्सवर ब्रिजलाच दिलेला आयपी. गोष्ट एकच: ब्रिजच्या आत राउटरचा एक पाय. हे जुळवून घेणं जुनंच आहे. नेटबीयूआयसारखे (जुन्या विंडोज नेटवर्कमधले) प्रोटोकॉल राउट होतच नव्हते, त्यांना ब्रिज लागायचा. शेजारी आयपी होता, त्याला राउटर. एकाच डब्याने दोन्ही करावं ही गरज तेव्हाची, आणि ‘ब्राउटर’ हा शब्दही तेव्हाचाच. आज नेटबीयूआय गेला, पण तुमच्या शॉप फ्लोअरवर त्याची भावंडं बसलेली आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

आता तुमच्या कामाचं. माझा नियम असा: एका व्हीलॅनचा गेटवे एकच, आणि तो कोण हे लिहून ठेवलेलं. दोन पर्याय असतात. एक, गेटवे स्विचवर, म्हणजे ती व्हीलॅन स्विच राउट करणार. दोन, गेटवे फायरवॉलवर (इंटरनेटच्या दारावरच्या पहारेकऱ्यावर), म्हणजे ती व्हीलॅन स्विच फक्त ब्रिज करत फायरवॉलपर्यंत पोहोचवणार आणि स्विचला त्या व्हीलॅनमध्ये आयपी द्यायचाच नाही. एकाच स्विचमध्ये काही व्हीलॅन राउट आणि काही फक्त ब्रिज, असं खुशाल चालतं. खरं तर तसंच असावं.

तुमच्याकडे अकाउंट्स, डिझाइन, सर्व्हर आणि शॉप फ्लोअर यांचे गेटवे मी स्विचवर ठेवीन, कारण यांच्यात फाइलींची जड ये-जा असते. पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे मात्र थेट फायरवॉलवर. फायरवॉल जोडणी लक्षात ठेवतो, कोणी सुरुवात केली हे त्याला कळतं. स्विचवरची ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं त्याची यादी) प्रत्येक पॅकेट सुटं बघते. पाहुण्यांसारख्या बिनभरवशाच्या गर्दीला ती पुरत नाही. आणि इथे एक ठोकर हमखास लागते: ‘मॅनेजमेंटला सोयीचं’ म्हणून कोणीतरी पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्येही स्विचला एक आयपी देऊन ठेवतो. मग एखाद्या हुशार पाहुण्याने गेटवे म्हणून तो पत्ता टाकला की तो फायरवॉलला वळसा घालून सर्व्हरपर्यंत पोहोचतो. स्विच बिचारा त्याचं काम चोख करत असतो.

‘मग सगळेच गेटवे फायरवॉलवर का नकोत?’ असंही तुम्ही विचाराल. लहान ठिकाणी मी तसं करतोही. पण मग अकाउंट्सपासून सर्व्हरपर्यंतची प्रत्येक फाइल त्याच एका ट्रंक केबलवरून (सगळ्या व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या) वर जाते आणि त्याच केबलवरून खाली येते. फायरवॉलची ताकद आणि ती केबल, दोन्ही अपुरी पडू लागतात. स्विच राउटिंग करतो ते चिपमध्ये. एका गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटच्या सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. असे चोवीस पोर्ट साध्या प्रोसेसरच्या आवाक्यातले नाहीत, चिपच्या आवाक्यातले आहेत. म्हणूनच स्विच घेताना राउटिंग खरोखर चिपमध्ये होतं का हे विचारा. काही स्वस्त मॉडेलमध्ये ब्रिजिंग चिपमध्ये आणि राउटिंग प्रोसेसरवर असतं. मायक्रोटिकच्या सीआरएस मालिकेत राउटिंगचं हार्डवेअर ऑफलोड (काम चिपवर सोपवणं) त्यांच्या राउटरओएस ७ या प्रणालीपासून आणि ठरावीक मॉडेलवरच मिळतं. डब्यावर चोवीस गिगाबिट पोर्ट छापलेत म्हणून चोवीस गिगाबिट राउट होतील असं धरू नका.

दोन गेटवेंची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात माझे दोन दिवस गेले होते. मिरजेजवळच्या एका कारखान्यात स्विचवर गेटवे आणले, पण फायरवॉलचे जुने पत्तेही त्या-त्या व्हीलॅनमध्ये तसेच राहिले. ‘असू दे, अडीअडचणीला’ म्हणून. ते मीच ठेवले होते. पीसींना डीएचसीपीतून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीतून) नवा गेटवे मिळाला. सर्व्हरला हाताने टाकलेला जुनाच राहिला. पिंग (समोरचं मशिन उत्तर देतं का ही चाचणी) लागायचं, पण अकाउंट्सचं सॉफ्टवेअर उघडताना घड्याळ फिरत राहायचं. झालं असं होतं: पीसीची जोडणीची मागणी स्विचमार्गे थेट सर्व्हरला पोहोचायची, सर्व्हरचं उत्तर मात्र फायरवॉलमार्गे परत निघायचं. फायरवॉलने मागणी कधी बघितलीच नव्हती, मग मागणीशिवाय आलेलं उत्तर तो टाकून द्यायचा. पिंगला त्या फायरवॉलवर सरसकट मोकळीक होती, म्हणून पिंगने आम्हाला दोन दिवस फसवलं. पिंग लागलं की ‘नेटवर्क ओके’ म्हणणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

म्हणून स्विच आणि फायरवॉल यांच्यात एक स्वतंत्र छोटी रेंज ठेवा, दोनच पत्त्यांची: एक स्विचचा, एक फायरवॉलचा. त्या व्हीलॅनमध्ये तिसरं कोणी नाही. स्विचवर डिफॉल्ट रूट (बाकी सगळं पाठवायची वाट) फायरवॉलकडे. फायरवॉलवर परतीचे रूट, म्हणजे १०.१०.१०, १०.१०.३० वगैरे रेंज स्विचच्या पत्त्यामागे आहेत हे त्याला सांगायचं. परतीचा रूट विसरला की सगळं अंतर्गत चालतं आणि इंटरनेट बंद पडतं. फायरवॉलच्या नॅटच्या (आतले पत्ते इंटरनेटसाठी बदलण्याच्या) नियमातही या नव्या रेंज घालायला लागतात, तेही बघा.

आता ती मशिनं, जी एकाच रेंजमध्ये असल्याशिवाय दिसत नाहीत. यांच्याशी भांडू नका. काही पीएलसीची सॉफ्टवेअर ब्रॉडकास्ट करून मशिन शोधतात, आणि ब्रॉडकास्ट गेटवे ओलांडत नाही. प्रोफिनेटचा (कारखान्यातल्या मशिनांच्या नेटवर्क प्रोटोकॉलचा) रिअल-टाइम संवाद तर आयपी वापरतच नाही, थेट इथरनेटवर चालतो. राउट करायला त्यात काही नसतंच. अशी मशिनं आणि ती चालवणारा इंजिनिअरिंग पीसी एका व्हीलॅनमध्ये ठेवा, तिथे ब्रिजिंगच बरोबर. त्या व्हीलॅनचा गेटवे स्विचवर ठेवून ऑफिसला फक्त उत्पादनाचे आकडे वाचू द्या. ऑफिसचा प्रिंटर मोबाइलला दिसत नाही ही तक्रारही याच जातीची: मोबाइल २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ‘कोणी प्रिंटर आहे का?’ असं ओरडतो, आणि तो पत्ता त्या जागेपुरताच आहे. त्यासाठी फायरवॉलवर किंवा वायफाय कंट्रोलरवर निरोप पुढे पोहोचवणारी सोय असते. ती नसेल तर प्रिंटरचा आयपी हाताने टाकायचा.

हजेरीच्या मशिनबाबत पुरवठादाराचा माणूस ‘एकच रेंज लागते’ म्हणेल. बहुतेक वेळा ते खरं नसतं. त्या मशिनमध्ये गेटवेचा रकाना रिकामा असतो, एवढंच. तो भरा, चालतं.

डीएचसीपीचं दोन ओळीत: पीसीची मागणीही ब्रॉडकास्टच असते, म्हणून प्रत्येक राउट होणाऱ्या व्हीलॅनवर स्विचला डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता सांगून रिले, म्हणजे मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचवणारा निरोप्या, चालू करायचा. सर्व्हर रिलेच्या पत्त्यावरून ओळखतो की कोणत्या रेंजमधला आयपी द्यायचा.

ॲक्सेस लिस्ट लावताना दिशा चुकते, माझीही चुकायची. स्विचच्या पोटात उभं राहून बघायचं. ‘इन’ म्हणजे त्या व्हीलॅनमधल्या मशिनकडून स्विचकडे येणारं, ‘आउट’ म्हणजे स्विचकडून त्या मशिनकडे जाणारं. आणि ही लिस्ट फक्त राउट होणाऱ्या पॅकेटला लागते. एकाच व्हीलॅनमधल्या दोन पीसींचं बोलणं ब्रिज होतं, ते या फाटकातून जातच नाही. एका पीसीला लागण झाली तर शेजाऱ्याला वाचवायला ही लिस्ट कामाची नाही. त्यासाठी पोर्ट आयसोलेशन (पोर्टना एकमेकांपासून तोडणं) वेगळं.

लूपबद्दल, म्हणजे केबलींच्या गोल रस्त्याबद्दल, सावध करतो, कारण राउटिंग आलं म्हणून ब्रिजिंगचे धोके जात नाहीत. आयपी पॅकेट चुकून गोल फिरायला लागलं तर टीटीएल संपून मरतं. इथरनेट फ्रेमला टीटीएलच नाही, ती फिरतच राहते. एका टेबलाखालच्या पाच पोर्टच्या स्विचमध्ये कोणी एकच पॅच कॉर्ड दोन्ही टोकांनी लावली की ती व्हीलॅन आडवी झालीच म्हणून समजा. स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जादा वाट बंद करणारी सोय) चालू ठेवा आणि तिचं मूळ नव्या कोअर (मुख्य) स्विचवर आणा. प्रायॉरिटी (मूळ कोण हे ठरवणारा आकडा, लहान तो जिंकतो) सगळीकडे ३२७६८ अशी मूळचीच राहिली तर सर्वांत लहान मॅकवाला जिंकतो, आणि तो बऱ्याचदा गोदामातला सर्वांत जुना, धुळीने भरलेला स्विच असतो. कोअरला ४०९६ द्या.

अजून एक दुर्मीळ दुखणं. सिस्कोवर मॅक टेबलातली नोंद मूळ सेटिंगला ३०० सेकंदांनी पुसली जाते, आर्पची नोंद मात्र चार तास टिकते. एका ठिकाणी लॉग साठवणाऱ्या सर्व्हरला दोन लॅन कार्डं होती. ऐकायचा एकावर, बोलायचा दुसऱ्यावर. पाच मिनिटांनी ऐकणाऱ्या कार्डाचा मॅक स्विच विसरला, पण आर्पला पत्ता माहीत होता. मग राउट झालेलं प्रत्येक पॅकेट त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर ओतलं जाऊ लागलं. कुठेही लूप नाही, तरी सगळे दिवे एकत्र लुकलुकतायत, असं दिसलं तर हे आठवा. आर्पची मुदत मॅकच्या मुदतीपेक्षा कमी करायची, किंवा त्या सर्व्हरचं एक कार्ड काढायचं. आम्ही कार्ड काढलं.

सांगलीच्या ऑफिसला तीच रेंज ओढायची का, याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. टनेलमधून व्हीलॅन ताणता येते, मोठ्या डेटा सेंटरांत व्हीएक्सलॅन वापरून तेच करतात, पण त्यांच्याकडे ते सांभाळायला माणसं आणि जाड लिंक असतात. तुम्ही ताणलीत तर कुपवाडचा प्रत्येक ब्रॉडकास्ट त्या बारक्या लाइनवर चढणार, आणि इथे लूप बसला की तिथेही बसणार. शिवाय २०१९ चा महापूर आठवा. तेव्हा सांगली शहरातल्या माझ्या एका गिऱ्हाइकाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जनरेटरवर पीसी चालू होते, पण लाइन तुटली होती. त्यांचा गेटवे आणि डीएचसीपी दोन्ही लाइनपलीकडे. शेजारच्या टेबलावरच्या सर्व्हरला ते एकाच रेंजमधून बघू शकत होते, पण बंद करून पुन्हा चालू केलेल्या पीसीला आयपीच मिळेना. त्या ऑफिसला स्वतःची रेंज, स्वतःचा गेटवे आणि मधे राउटिंग. लाइन गेली तरी आतलं काम चालतं.

बदल करायच्या दिवसासाठी एक युक्ती. आज सगळ्यांचा गेटवे १९२.१६८.१.१ हा फायरवॉल आहे ना? तोच पत्ता नव्या स्विचला द्या आणि फायरवॉलला मधल्या छोट्या रेंजमधला नवा पत्ता द्या. ज्या मशिनना हाताने आयपी टाकलेत त्यांना हातही लावायला लागत नाही. जुनी रेंज एक व्हीलॅन म्हणून चालू राहते आणि एकेक विभाग सवडीने नव्या व्हीलॅनमध्ये हलवता येतो. फक्त जुन्या मशिनच्या आर्प टेबलात फायरवॉलचाच मॅक चिकटून असतो. स्विच चालू होताना स्वतःचा मॅक जाहीर करतो, पण काही पीएलसी ऐकत नाहीत; त्यांना एकदा बंद-चालू करावं लागतं. ते उत्पादन बंद असतानाच करा, आणि शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरला आधी सांगून.

सिस्कोचा स्विच घेतलात तर दोन गोष्टींवर अडकाल. बऱ्याच मॉडेलवर ‘आयपी राउटिंग’ ही कमांड दिल्याशिवाय तो राउटिंग सुरूच करत नाही. इंटरफेसना पत्ते दिलेले असतात, स्विचवरून पिंग लागतं, आणि व्हीलॅन १० मधून ३० मध्ये काही जात नाही. दुसरं, ‘इंटरफेस व्हीलॅन ३०’ बनवला पण व्हीलॅन ३० स्वतः बनवलीच नाही, किंवा तिच्यात एकही चालू पोर्ट नाही, तर तो इंटरफेस डाउनच राहतो आणि त्याचा रूटही टेबलात येत नाही.

सगळं जोडून झालं की अकाउंट्सच्या पीसीवरून शॉप फ्लोअरच्या मशिनला ट्रेसर्ट (वाटेतले थांबे दाखवणारी कमांड) चालवा. पहिल्या ओळीत १०.१०.१०.१ आणि दुसऱ्या ओळीत थेट मशिन दिसलं पाहिजे. मग तेच मशिनच्या बाजूच्या पीसीवरून उलट दिशेने चालवा. मधे कुठे फायरवॉलचा पत्ता दिसला, तर दोन्ही ट्रेसर्ट आणि स्विचचं राउटिंग टेबल इथेच टाका, बघून सांगतो.